घरमालकांच्या तंबूचं दार

अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांना आपले पूर्वज कुठून कुठे गेले याचा कधी विसर पडलाच, तर त्यांनी तिकडे शोधाशोध करू नये. सरळ जर्मनीत इंगोलश्टाटला येऊन आमच्या घरमालकांची बेल दाबावी. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले हे गृहस्थ. घराच्या करारावर सही करायला गेलो, तर त्यांनी आधी टेबलावर नकाशा पसरला. लाकोटांना तळ्यांच्या मुलुखातून मिसुरी नदीपार नेलं, घोड्यांवर बसवलं, बायसनमागे माळभर पळवलं आणि काळ्या डोंगरांपाशी पोचवल्यावरच मला किल्ली दिली. "इतिहासकार म्हणतात, ते पूर्वेकडून आले. ते स्वतः म्हणतात, आम्ही या डोंगरातल्या गुहेतूनच वर आलो. आल्झो, थोडक्यात काय, मला दोन्ही पटतं!"

बागेत त्यांनी स्वतः शिवलेला लाकोटा पद्धतीचा तंबू आहे. दार पूर्वेलाच हवं, ही तिकडची रीत; म्हणून दर वसंतात होकायंत्र घेऊन आजोबा (आमची ही त्यांना आजोबाच म्हणते) अर्धा दिवस घालवायचे. शेजारीणबाईंनी एकदा सुचवलं, "तोंड जरा दुसरीकडे करा ना, सारखं आमच्या स्वयंपाकघरात डोकावतं." तर म्हणाले, "सूर्याला विचारा." हिने दिलेल्या चकल्या ते त्याच तंबूत बसून बिअरबरोबर खातात. असा हौशी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी म्युनिकला व्याख्यानासाठी आलेल्या एका लाकोटा बाईंना त्यांनी आग्रहाने घरी आणलं. बाईंनी तंबू निरखला, शिवणीचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

आजोबा म्हणाले, "सीमेपलीकडे, आताच्या चेकियातल्या बोहेमियात. युद्धानंतर आम्हा जर्मनांना तिथून काढलं. आईच्या कडेवर आलो, परत गेलो नाही."

"फार लांब आहे?"

"सकाळी निघालं तर माणूस जेवणाच्या आत पोचतो."

"आमचे लोक याहून लांबून डोंगरांना भेटायला येतात," बाई हळूच म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी आजोबांनी मला गाडी काढायला लावली. गाव उरलंच नव्हतं. नुसतं गवत आणि पायाचे दगड. आईने सांगितलेल्या विहिरीवरून त्यांनी घराची जागा ओळखली. उंबऱ्याचा झिजलेला दगड सापडला, तसं खिशातून होकायंत्र काढलं. दार उत्तरेला होतं. दगडावर हात ठेवून ते बराच वेळ बसून राहिले.

यंदा तंबूचं दार उत्तरेला आहे. शेजारीणबाई खूश आहेत. परवा चकल्या घेऊन गेलो, तर आजोबा दारातच बसले होते.

"अहो, इथे फार गार वारा लागतोय," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "त्या घराबद्दल आईची हीच तक्रार होती."