बोलणारं सॉफ्टवेअर

आमची दूध डेअरी नेकनूरच्या अलीकडं, रोडला लागूनच. दूध मी मोजायचो, पण डेअरी चालायची ती बायकोच्या गळ्यावर. फॅटच्या मशीनवर आकडा आला की ती असा खणखणीत सांगायची, की लाइनीच्या पार शेवटी उभ्या म्हाताऱ्यालाही कळावं, कुणाचं दूध किती अन् फॅट किती लागली. लोकांचा सगळा भरवसा त्या आवाजावर. आकडा सांगून झाला की लगेच पुढचा सवाल, रोज, प्रत्येकाला, "वासराला ठेवलं का?" सगळं दूध डेअरीत ओतून वासरू उपाशी ठेवणाऱ्याला ती चारचौघांत अशी झापायची, की गडी पुन्हा तसं करायचा न्हाई.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. डोंबलाचं नशीब!

जरा बरं वाटल्यावर ती पुन्हा येऊन तिच्या स्टुलावर बसली. आकडे मी सांगायला लागलो. माझा आवाज असा, की घरातलं मांजरसुद्धा भीत न्हाई. "काय म्हणला बे? मोठ्यानं बोल की!" रोज लाइनीत कालवा. कुणाला वाटायचं, मी मुद्दाम पुटपुटतो, फॅट मारतो. ती खाली मान घालून ऐकत बसायची. एक दिवस तिनं हातानंच सांगितलं, मी घरी बसते, माझ्या जागी दुसरं माणूस ठेवा. मी लई भडकलो. म्हणलं, "तू न्हाई बसलीस तर डेअरीलाच कुलूप लावतो."

तवा कुठं सॉफ्टवेअरचा विषय निघाला. बीडहून एकजण लॅपटॉप घेऊन आला. त्याच्याकडं दोन होती. एक स्वस्तातलं, ते फोनवर मेसेज पाठवायचं. आमच्या लाइनीत निम्म्यांना मेसेज उघडता येत न्हाई, ते काय चुलीत घालायचं? दुसरं काट्याला अन् फॅटच्या मशीनला जोडलं की स्पीकरचा डबा आपोआप मोठ्यानं आकडा सांगायचा. त्यानं बाईचा आवाज लावून दाखवला. गोड, शहरातला, कुठं अडखळणं न्हाई. मी म्हणलं, हाच बसवा. मला वाटलं, तिला बरं वाटंल.

ती स्टुलावरून उठली अन् स्वतःच्या बोटानं पुरुषाचा आवाज निवडला. बातम्या वाचल्यासारखा कोरडा आवाज.

"काकू, लोकांना बाईचा आवाज आवडतो," तो म्हणाला. ती काही ऐकंना.

घरी आल्यावर इचारलं, "कावून गं?" नातीची पाटी पडली होती. तिच्यावर तिनं लिहिलं, "तिथली बाई मीच."

मला रडू आवरलं न्हाई. इतकी वर्षं शेजारी बसून मला हे कळलं नव्हतं.

त्यानंतर आकडा डबा सांगायचा. मग ती एक बोट किटलीकडं करायची, अन् तळहात गुडघ्याएवढा खाली धरायची. वासराला ठेवलं का? कुणी हसलं न्हाई. लोक मोठ्यानं सांगायचे, "ठेवलं." खोटं बोलणाऱ्याकडं ती नुसती बघायची, की त्याची मान खाली. ते दिवस आमचे लई चांगले गेले.

पण दुखणं उलटलं. उन्हाळ्यात ती गेली.

राख सावडली अन् दुसऱ्या सकाळी डेअरी उघडली, कारण दूध कुणासाठी थांबत न्हाई. सॉफ्टवेअरवाल्याचा फोन आला. नवीन आवाज आलेत काका, आता बाईचा टाकू का? मी फोन आपटला.

लाइनीत पहिला एक म्हातारा धनगर होता, एका गाईचं दूध घालणारा. डब्यानं त्याचा आकडा सांगितला, पावती निघाली, पण म्हातारा जागचा हलंना.

"बाबा, काय राहिलं?"

"वासराचं कुणी इचारलं न्हाई."

मी इचारायला गेलो. तोंड उघडलं, पण आवाजच फुटंना. म्हाताऱ्यानं जरा वाट बघितली. मग रिकाम्या स्टुलाकडं तोंड करून त्यानं मोठ्यानं सांगितलं, "ठेवलं, माय."