ढिल्या पानाचा जपानी ड्रम

माझं आणि त्या ड्रमचं पहिल्यापासून पटलं नाही. लग्न होऊन मी खामगावला आले, तेव्हा आमच्या खोलीत तो माझ्याआधीच मुक्कामाला होता. माझे यजमान दिवसभर भाजीच्या मळ्यात राबायचे आणि संध्याकाळी गावातल्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. मुंबईच्या कुठल्याशा वादकाने वापरून काढून टाकलेला जपानी संच होता तो, आणि त्यातला मोठा ड्रम पलंगाला खेटून उभा असायचा. "जपानी हाय," असं हे आल्यागेल्याला सांगायचे, जसं काही स्वतः जपानला जाऊन घेऊन आले होते.

एवढं कौतुक, पण आवाज दबका. खोलीत नुसतं धमधम, आणि मैदानात कार्यक्रम असला की पहिल्या रांगांपुढे काही जायचं नाही. ऑर्केस्ट्रातली मंडळी कुरकुरायची. मला मात्र ते बरंच वाटायचं.

मग मुलगी झाली. बारशाला नणंद तिच्या कानात नाव सांगायला वाकली. नाव सांगून झालं की नणंदेच्या पाठीत गुद्दे घालायचे, ही रीत. पण आमच्याकडच्या बायका इतक्या उतावीळ, की ती तोंड उघडते न उघडते तोच त्यांनी धपाधप सुरू केलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. एवढ्या गोंगाटात पोरगी शांत झोपली होती. किती गुणाची म्हणून सगळ्यांनी तिची अलाबला घेतली.

पुढे ती बसायला लागली, हसायला लागली, पण हाक मारली तर वळायची नाही. मागे ताट पडलं तरी नाही. सासूबाईंनी कारण शोधून काढलं.

"बारश्यातच घोटाया झाला," त्या म्हणाल्या. "नाव लेकराच्या कानात गेलंच नाई. त्या बायाईनं आधीच मारलं."

आणि त्यांनी खरोखर नणंदेला पुन्हा बोलावून घेतलं. दार लावून, कुणालाही आत न घेता, नीट नाव सांगायला लावलं. नणंद दोन्ही कानांत सांगून सांगून दमली. पोरगी तिच्या डोरल्याशी खेळत राहिली.

रात्री मी यजमानांना म्हटलं, "तिले आयकू येत नाई, आवो."

"येते," ते म्हणाले. "आवाज तिच्याजोळ पोचूनच नाई राह्यला."

त्या दिवसापासून ते ड्रमच्या मागे हात धुऊन लागले. आधी त्याच्या पोटातल्या चिंध्या काढल्या. मुंबईवाल्याने हॉलमध्ये आवाज घुमू नये म्हणून त्या कोंबल्या असाव्यात. मग कातड्याचं पान काढून पाहिलं. कातडं दमट हवेत सैल पडतं, म्हणून ते उन्हात धरलं आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे पिळून सगळीकडून सारखं ताणलं. सारवलेली जमीन आवाज खाते म्हणून ड्रम फळ्यांवर चढवला. पाठीमागे भिंत घेतली, म्हणजे मागचा आवाजही पुढे यावा. हा मोठा ड्रम पायाने वाजवायचा असतो; त्याच्या पायाखालच्या पट्टीवर पाय दाबून धरायचा नाही, ठोका पडला की लगेच सोडायचा, हेही त्यांनी स्वतःला शिकवलं.

आणि तो दबका ड्रम असा काही बोलायला लागला, की गोठ्यातला बैल बुजून दावं ओढायचा. शेजारीण भिंतीवरून भांडून गेली. ऑर्केस्ट्रावाले भलतेच खूश. पोरगी मात्र फळ्यांसमोर बसून शेंगा फोडत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

"अजून थोडं तानून पाह्यतो," हे म्हणायचे. मला इतका राग यायचा, की तो ड्रम विहिरीत लोटून द्यावा. आणि त्यांची इतकी दया यायची, की स्क्रू पिळायची चावी मीच शोधून हातात द्यायची.

श्रावणात कार्यक्रम नव्हते. ओल्या हवेने पान पुन्हा ढिलं पडलं होतं, आणि हे ड्रमच्या पलीकडे उगाच, तळहाताने, अगदी हळू ठोके देत बसले होते. ते मला चुलीपर्यंतही ऐकू येत नव्हते. पोरगी अलीकडे, ड्रमला पाठ टेकून बसली होती. ती एकदम थांबली. वळली आणि ड्रमच्या कडेवरून बापाकडे बघायला लागली.

"आयकलं! तिनं आयकलं वं!" हे ओरडले. तिला उचलून दारात बसवलं आणि जीव खाऊन ड्रम बडवला. काही नाही. पुन्हा आणून टेकवून बसवलं, पुन्हा हळूच थाप दिली. वळली. पाठ सुटली की नाही, टेकली की हो. तेव्हा त्यांना कळलं. ते तिथेच फळीवर बसून रडले, आणि मीही पिठाच्या हातांनी त्यांच्याशेजारी बसून रडले.

मग डोळे पुसून त्यांनी ड्रमवर तीन थापा दिल्या, मधली जरा लांब. तिचं नाव तीन अक्षरांचं, आणि मधलं अक्षर लांब. रोज संध्याकाळी मळ्यातून आले की हात धुऊन तेवढंच वाजवायचे, आणि ती वळायची. कार्यक्रम असला की पान ताणायचे, घरी आले की पुन्हा ढिलं करायचे. ताणलेल्या पानाचा आवाज दूर जायचा, ढिल्या पानाची थरथर जवळ राहायची. ऑर्केस्ट्रावाल्यांना हा खटाटोप कधी कळला नाही.

आता हे नाहीत. ड्रम पलंगाला खेटून तिथेच आहे. मुलगी माहेरी आली की पिशवी ठेवते आणि आधी त्याला पाठ टेकून बसते. डोळे मिटते. मी पलीकडे जाऊन बसते. वाजवणं मला कधी आलं नाही, आणि त्याच्याशी अजूनही माझं फारसं पटत नाही. तरी तीन थापा मला येतात, मधली जरा लांब. ती वळते.