पुरात वाटलेली पुस्तकं

आमच्या वाचनालयासमोर माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे वर्षाराणीबाईंबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कुणालाच नाही. वाचनालयाचे कार्यवाह आकारामआण्णा, त्यांनाही नाही. ते महिन्यातून एकदा यायचे, सह्या करायचे, चहा पिऊन जायचे. मी मात्र मशीनवर बसल्या बसल्या ही बाई रोज बघत आलोय, आणि एवढी हट्टी बाई मी दुसरी बघितली नाही.

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडचं, अगदी नदीकाठचं. वर्षाराणी कांबळे ही इथल्याच, गवंडीकाम करणाऱ्या गणपतरावांची थोरली लेक. एस.टी.नं कोल्हापूरला ये-जा करून तिनं ग्रंथपालाचा कोर्स केला आणि चौऱ्याण्णव साली वाचनालयात लागली. सुरुवातीला काही जुनी खोडं पुस्तक तिच्या हातात देत नसत, लांबूनच टेबलाच्या कडेला ठेवत. बाई हात पुढं करून उभी राहायची आणि पुस्तक हातात पडल्याशिवाय नोंद करायची नाही. दोघं-तिघं तणतणत पुस्तक घेऊन घरी गेले. पुढच्या आठवड्यात आले आणि मुकाट्यानं हातात दिलं. गोष्टीच्या पुस्तकांची चटक लागलेल्या माणसाला सोवळं फार दिवस परवडत नाही.

दारात एक फळा होता. रोज सकाळी ओल्या फडक्यानं तो स्वच्छ पुसायचा आणि नवीन आलेल्या पुस्तकांबद्दल चार ओळी लिहायच्या, हा तिचा नेम. गावात कुणी पुस्तक वाचो न वाचो, फळा सगळे वाचायचे.

मग दोन हजार पाचचा पूर आला. पाणी वाचनालयाच्या पायरीला लागलं तेव्हा आत ही एकटीच होती. तिनं दार सताड उघडलं आणि उंचावरच्या गल्लीकडं पळणाऱ्या माणसांना हाका मारायला सुरुवात केली. जो येईल त्याच्या हातात, पदरात, डोक्यावर पुस्तकं दिली. नाव लिहून घ्यायला उसंत कुठली? मीही दोन गठ्ठे माडीवर नेले, आणि पाणी ओसरल्यावर पहिल्याच दिवशी परत दिले. बाईचा स्वभाव मला ठाऊक होता.

पण सगळ्यांनी दिले नाहीत. कपाटं अर्धी रिकामी राहिली. बाईनं फळ्यावर लिहिलं, घरोघर फिरून विचारलं. लोक फळा वाचायचे आणि मान वळवून पुढं जायचे. असं करता करता दोन हजार सात उजाडलं. आण्णांचं मत ठरलेलं होतं. गावानं पुस्तकं गिळली, आता ती पुरात वाहून गेली असा ठराव करायचा आणि विषय मिटवायचा. आण्णा काही वाईट माणूस नव्हे. त्यांचं स्वतःचं घर पुरात पडलं होतं, आणि माणूस थकला होता. पण एकदा ती पुस्तकं नोंदवहीतून कमी झाली की पुस्तकांच्या संख्येवर ठरणारा वाचनालयाचा सरकारी वर्ग जाणार, वर्ग गेला की अनुदान बंद, आणि अनुदान बंद म्हणजे दाराला कुलूप. बाईला हे दिसत होतं. समितीच्या सभेपर्यंत थांबा, एवढंच ती म्हणाली.

त्याच सुमाराला कोल्हापुरात ग्रंथपालांचं एक शिबिर झालं. वाचनालयानं आता ब्लॉग काढून वाचकांशी बोललं पाहिजे, असं तिथं कुणी तरी सांगितलं. जेवणानंतरचं व्याख्यान ते, बाकीचे पेंगत होते. ही टिपून घेत होती. तिचा हिशेब सरळ होता. गावातली शिकलेली पोरं पुण्याला, बेंगळुरूला गेलेली. त्यांना दारातला फळा दिसत नाही, पण आपल्या घरच्या माळ्यावर काय पडलंय ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

कुरुंदवाडात केरबानं एस.टी.डी. बूथ मोडून सायबर कॅफे टाकला होता. बाई वाचनालय बंद करून रोज सायकलनं तिथं जायला लागली. आधी मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले. केरबा म्हणाला, इंग्रजीत लिहा. तिनं साफ नकार दिला आणि चौकोनांची अक्षरं होईपर्यंत त्याचं डोकं खाल्लं. ब्लॉगचं नाव ठेवलं ‘फळा’. दिवसाला एक हरवलेलं पुस्तक घ्यायचं, त्यात काय आहे ते गोडीनं सांगायचं आणि शेवटी विचारायचं, हे कुणाच्या घरी आहे का? छापलेला कागद दुसऱ्या दिवशी ती दारातल्या फळ्यावर चिकटवायची. मी कात्री बाजूला ठेवून वाचायला जायचो. झकास लिहायची.

आता तिची गंमत ऐका. सवयीप्रमाणे ती रोज आधी कालचा मजकूर काढून टाकायची आणि मगच आजचा लिहायची. फळा म्हटला की पुसायला नको? महिनाभर हे असंच चाललं. शेवटी पुण्यात कंपनीत असलेल्या आमच्या गावच्या सम्राटनं ब्लॉगवर खाली लिहिलं, की परवा वाचलेलं घरी फोनवर सांगायला गेलो तर ते गायब, बाई, तुम्ही लिहिता ते जातं कुठं? बाईनं केरबाला विचारलं. तो हसून हसून गडबडा लोळला.

“बाई, हितं जागा संपत न्हाय,” तो म्हणाला. “पुसताय कशाला?”

दुसरी कुणी असती तर लाजून घरी बसली असती. हिनं पुसलेला महिना आठवून आठवून परत लिहून काढला.

पोरांचे निरोप यायला लागले, गावात फोन खणखणायला लागले. तरी पुस्तकं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा तिनं ब्लॉगवर सरळ प्रश्न टाकला, की पुस्तक द्यायला अडचण काय आहे? कुणी तरी नाव न घालता उत्तर दिलं. पुस्तक आहे, पण भिजलंय. तुमच्या भिंतीवर पाटी आहे, खराब झाल्यास पूर्ण किंमत आणि वर दंड. आमच्या घरचे भितात.

बाई त्या दिवशी केरबाकडून उठली ती लिहूनच. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा कागद मी वाचला. ‘पुरातलं पुस्तक भिजलं असेल, फाटलं असेल, तरी आणा. कसलाही दंड नाही. तुम्ही पुस्तकं पळवली नाहीत, वाचवलीत.’ खाली वाचनालयाचं नाव. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. दोन वर्षं आम्ही सगळे एकमेकांकडं चोरासारखे बघत होतो, आणि हे इतकं साधं वाक्य कुणाला सुचलं नव्हतं.

पण दंड माफ करायचा अधिकार तिला नव्हता. तो समितीचा. आण्णांना पुतण्यानं फोन करून सांगितलं आणि ते तरातरा आले. त्यांचा आवाज ऐकून मी हातातलं पोलकं तसंच टाकून दारात जाऊन उभा राहिलो. समितीला न विचारता नियम मोडायची तुझी हिंमत कशी झाली, हे आधी बरंच झालं. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. आजच्या आज ते काढ आणि चुकून लिहिलं म्हणून टाक. तसं केलं नाहीस तर समिती तुलाच काढेल.

बाई खुर्चीतून उठली. आवाज तिनं चढवला नाही.

“मला काढा, आण्णा. त्यो तुमचा अधिकार हाय. पर आपल्या वाचनालयाच्या नावानं सांगितलंय, दंड न्हाय म्हणून. एका बी माणसानं त्यावर विश्वास ठेवला असंल तर मी त्ये काढणार न्हाय.”

“कोण ठेवतंय विश्वास?” आण्णा म्हणाले. “उद्या मीच बसतो हितं. बघू की कोण येतंय.”

आणि खरंच बसले. सकाळी दारातच खुर्ची टाकून, काठी आडवी मांडीवर. बाई आत आपल्या टेबलाशी. तिचा चेहरा उतरला होता, पण हात पुस्तकांना कागदी कव्हरं घालत होते. आण्णांना बघून दोन बायका रस्त्यावरूनच माघारी फिरल्या. मी चिडून मशीन जोरात हाणत बसलो.

उन्हं चांगली वर आल्यावर बायडाबाई आली. सम्राटची आजी. म्हातारीला अक्षरओळख नाही आणि भीडही नाही. आण्णांच्या पुढ्यात उभी राहून तिनं पदराखालचं गाठोडं सोडलं. आत एक पुस्तक होतं, फुगून दुप्पट झालेलं, मिटत नव्हतं म्हणून लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं.

“उनात वाळवलं, जात्याखाली ठेवलं, तरी बसंना बघा,” ती म्हणाली. “सम्राट फोनवर म्हनला, वाचनालयानं लिवलंय, दंड न्हाय. खरं हाय न्हवं, आण्णा?”

मी मशीन थांबवली. आत बाईचे हातही थांबले. आण्णांनी पुस्तकाकडं बघितलं, चिंधीच्या गाठीकडं बघितलं. त्यांनी काठी खाली ठेवली.

“खरं हाय, आक्का,” ते म्हणाले. “वाचनालयानंच लिवलंय.”

मग ते उठले आणि खुर्ची बाजूला घेऊन म्हातारीला वाट करून दिली. पुढं तो ठराव आलाच नाही. दसऱ्यापर्यंत गावानं फुगलेली, डागाळलेली पुस्तकं आणून कपाटं भरली आणि वाचनालयाचा वर्ग टिकला. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी म्हातारी आत गेली आणि तिनं पुस्तक बाईच्या हातात दिलं. एवढं सांभाळलं ते आहे तरी कशाचं, म्हणून तिनं विचारलं.

बाईनं हळूच गाठ सोडून पहिलं पान बघितलं. “मोटार दुरुस्तीचं, आज्जी.”

बायडाबाईनं मान हलवली. “असू दे. कुनाच्या तरी उपेगाचं हाय की.”