लिमिट संपल्यावर

कसबा बावड्यात एका केबलवाल्याच्या ऑफिसात मी काही वर्षं नोकरी केली. टीव्हीच्या केबलबरोबर त्यानं इंटरनेटही सुरू केलं होतं. गच्च्यांवरून वायरी ओढल्या, घराघरांत जोडण्या दिल्या, आणि एकेक जण दिवसभर सिनेमे उतरवायला लागला. गल्लीतले दोघे-तिघेच सगळी लाइन खायचे. बाकीचे फोनवर आम्हाला शिव्या द्यायचे. म्हणून लिमिट आलं. महिन्याचा वापर ठरल्यापेक्षा जास्त झाला की पहिली तारीख येईपर्यंत त्या घराचा स्पीड कमी करायचा. ते काम माझं. स्क्रीनवर ग्राहकाचा नंबर निवडायचा आणि बटण दाबायचं. पलीकडे कोण बसलंय, ते कळायचा प्रश्नच नव्हता.

एका सकाळी साठीच्या एक बाई ऑफिसात आल्या. बरोबर तिशीतला मुलगा होता. छापखान्यात कामाला असल्यामुळं त्याची बोटं शाईनं काळी झालेली. तो दारातच थांबला. बाईंनी सरळ मला विचारलं, "ह्याचं बोलणं तुमी बंद केलंसा व्हय?"

"फोन लागत नाही का, मावशी?"

"फोनचं काय करतोय त्यो? जन्मापासनं ऐकू येत न्हाय त्याला. भनीला बी न्हाय. तिला नागपुरात दिलीया. दोघं कॅमेऱ्यावर हातांनी बोलत्यात. आता नुसतं चित्र थांबतंय."

मी त्यांचा नंबर काढून बघितला. लिमिट संपलं होतं. मालक म्हणाले, एकदा मोडेम बघून या. मोडेमला काही झालेलं नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी गेले.

खोलीत तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. पडद्यावर बहिणीचा हात अर्ध्यात थांबलेला. मग एकदम तो हात तिच्या कपाळाशी दिसला. मधलं काय गेलं, कुणास ठाऊक. तो पुढं वाकून एकच खूण परत परत करत होता. 'पुन्हा सांग' असा तिचा अर्थ, हे बाईंनी सांगितलं.

"लिहून बोलता येईल की," मी म्हटलं.

"तिची शाळा कुठं झालीया? आमच्या गावाकडं, कोडोलीत, तवा असल्या पोरांची शाळा न्हवती. ह्या खुणा दोघांनी ल्हानपणी घरात बसून केल्यात. मला बी समद्या येत न्हाईत."

ऑफिसात आल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. पण ते म्हणाले, "मॅडम, ह्यांना सोडलं तर उद्या आख्खी गल्ली दारात येईल. कुणाकुणाचं कारण तपासत बसू?"

शेवटी त्यांनी एवढं केलं की दुपारी लाइन रिकामी असते, तेव्हा त्या घराला लिमिट लावायचं नाही. पण दुपारी तो छापखान्यात असायचा. राहिला रविवार. काही महिने रविवारी दुपारी त्या घरचा वापर वर गेलेला दिसायचा आणि मला जरा बरं वाटायचं. मग बहिणीला बाळ झालं आणि रविवारही सुटायला लागले.

पुढं आमची मोठी लाइन आली आणि लिमिट बरंच वाढलं. बाकीच्या ग्राहकांना कळवायच्या आधी मी त्या घरी फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जोडणी काढून टाका म्हणतोय त्यो."

"का हो? आता तर अडचण नाही."

"त्याचा इंटरनेटशी संबंध न्हाय. तिच्या नवऱ्याला बी ऐकू येत न्हाय, ती आता त्याच्यागत हात करतीया, तिकडच्या लोकांगत. ह्याला कळत न्हाय. परवा ह्यानं त्यांची ल्हानपणची खूण केली, ती नुसती बघत बसली. मग हसली. ह्यो उठून भाईर गेला."

मी वहीत त्यांचा नंबर लिहून घेतला. मागं कुकरची शिट्टी वाजली, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं, मानूस पाठवा."

आमचा वायरमन दोन-तीन दिवसांनी जाऊन मोडेम घेऊन आला. घरी कोण होतं, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, मुलगा होता. गच्चीवर चढून वायर गुंडाळायला त्यानंच हात लावला.