पाणी वाहणारीला कोणी बोलावलं नाही

मेलेनाइतेच्या रागाची टोंगातल्या त्या किनाऱ्याकाठच्या गावाला सवय होती. पण त्या शुक्रवारचा राग वेगळाच.

गावात डुकरं घरोघर, आणि त्यांची उस्तवार बायांकडे. मेलेनाइतेचा गोठा सिमेंटचा. तो दोन वेळा धुवायचा, म्हणजे टाकीपासून बादल्या वाहायच्या. कंबर पार कामातून गेलेली. त्या दिवशी ती मीठ मागायला नवऱ्याच्या चुलत बहिणीकडे, विधवा लोसेकडे गेली, आणि बघतच राहिली. लोसेच्या गोठ्यात ना पाणी, ना वास. नारळाच्या सोडणांच्या भुशाचा जाड थर, वर डुकरं खुशाल लोळतायत.

"हे कुठं शिकलात, वन्सं?"

"गावच्या हॉलमधल्या सभेत. शेतकी खात्याच्या साहेबांनी सांगितलं, धुवायचंच नाही. दादा होता की पुढच्या बाकावर. बोलला नाही?"

"पण तुम्हाला कसं बोलावलं?"

"घरच्या कर्त्याला बोलावलं होतं. माझ्या घरात कर्ती मीच."

मेलेनाइते मिठाविनाच तरातरा घरी आली. नवरा सेमीसी झाडाखाली पसरला होता.

"सभेत साहेब काय म्हणाला?"

"डुकरांखाली कचरा टाका म्हणे. जेवण मात्र झकास होतं."

"आणि बादल्या कोण वाहतं?"

"तूच की."

"मग त्या हॉलात बसायला आधी नवरा मरावा लागतो का रे?"

"जरा दम धर, तेही होईल," म्हणून सेमीसी हसला.

हसायला नको होतं. तिनं बादल्या पालथ्या घातल्या. "डुकरांना खायला घालीन. धुणार नाही."

शनिवारी सेमीसीला वाटलं, उतरेल राग. रविवारी पाद्रीबाबांना जेवू घालायची पाळी नेमकी त्यांची. वारा गोठ्यावरून थेट घरात. सेमीसीनं टाकीकडे पाहिलं. पण रविवारी कामाला हात लावायचा नाही, आणि रस्ताभर माणसं चर्चला निघालेली. बसला बिचारा वास सोसत. पाद्रीबाबांनी जेवणाआधीची प्रार्थना इतक्या झटपट जन्मात उरकली नसेल.

सोमवारी सेमीसी सोडणं गोळा करायला लागला. "थर किती जाड म्हणाला होता गं साहेब?"

"सभेला कोण होतं?"

"जेवल्यावर डोळा लागला माझा."

मेलेनाइते तडक साहेबाच्या कचेरीत.

"पुढच्या सभेला सेमीसीला पाठवा, बाई."

"झोपायला? मी येणार. डुकरं सांभाळणाऱ्या सगळ्या येणार."

"बोलावणं कर्त्यांनाच जातं हो."

"मग उद्यापासून गोठे तुम्ही धुवा." ती दारातच फतकल मारून बसली. साहेबाला बाहेर जायला वाट उरली नाही.

जेवायची वेळ टळायला लागली, तेव्हा साहेब म्हणाला, "या."

"सगळ्या?"

"सगळ्या या, माझे आई."

तरी राग गेला नाही. सेमीसीला, साहेबाला आणि तो हॉल बांधणाऱ्यांनाही शिव्या घालत ती घरी आली.