शाळेत ठेवलेले बोंबील

तलाठी म्हणून तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावात मला पाठवलं, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी चोवीस वर्षांचा होतो. जन्म घाटावरचा. समुद्र त्याआधी दोनदाच पाहिला होता, तोही सहलीत. गावात मला खोली दिली ती एका मावशींनी. पन्नाशीच्या असतील. डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकायच्या, आणि त्यांचा आवाज अख्ख्या आळीला पुरायचा.

त्या वर्षी पावसाळा सरून ऊन पडलं होतं. किनाऱ्यावर बांबू रोवून, दोऱ्या बांधून वलांड्या उभ्या केल्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत होते. अशाच एका सकाळी तहसिलीचा शिपाई एसटीतून उतरला आणि माझ्या हातात एक पत्र देऊन गेला. संध्याकाळपर्यंत वादळ येण्याची शक्यता. सखल भागातील रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे. तलाठ्याने जातीने लक्ष घालावे.

वर आभाळ स्वच्छ निळं होतं. कोतवालाने दवंडी दिली. मी किनाऱ्यावर उभा राहून पत्र मोठ्याने वाचलं. बायकांनी माना वर करून ऐकलं आणि पुन्हा बोंबील उलटायला लागल्या.

"मावशी, सगळ्यांना शाळेत जायला सांगा ना," मी म्हणालो. "सरकारचा हुकूम आहे."

"गेल्या साली पण रेडिओ बोलला होता. काय आला? वाऱ्याची झुळूक पण नाय."

"आणि आज आलं तर?"

त्या पश्चिमेकडे बघत म्हणाल्या, "पाणी जड दिसते खरं. पण आमी शाळेत बसू, नि हे कोन बघेल? चार दिस उन्हात राबलो. एकदा भिजला का सडला. तुमच्या कागदात बोंबलाचं काय लिवलंय?"

मी खरोखरच कागद पुन्हा वाचला. बोंबलाचं काहीच लिहिलेलं नव्हतं. माणसांचं होतं, जनावरांचंही होतं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की या बायका वादळाला घाबरत नव्हत्या असं नाही. हात रिकामे करून निघायला घाबरत होत्या. मी तसाच शाळेत गेलो. दोन खोल्यांची कौलारू शाळा, गावापेक्षा जरा उंचावर. हेडमास्तर फळा पुसत होते.

"गुरुजी, एक खोली माणसांना, एक बोंबलांना."

"शाळेत बोंबील?" त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "भाऊसाहेब, मी शाकाहारी माणूस आहे हो!"

"त्याशिवाय माणसं येणार नाहीत, गुरुजी."

त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि स्वतःच बाकं बाहेर काढायला लागले.

दुपारपर्यंत आभाळ शिशासारखं झालं. समुद्रात गेलेल्या होड्या एकेक करून परत आल्या. वाऱ्याचा रोख त्यांना माझ्या पत्राआधीच कळला होता. गडी माणसांनी होड्या वर ओढल्या, बायकांनी वलांड्या रित्या केल्या. पाट्या कमी आणि खेपा जास्त, म्हणून मीही एक पाटी डोक्यावर घेतली. कालच टांगलेल्या ओल्या माशांचं पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. मला बघून मावशी हसत सुटल्या. "बघा गो, सरकार पाटी वाहते!" म्हणून त्यांनी आळीभर ओरडून सांगितलं. त्यानंतर जी चार घरं हटून बसली होती, तीही निघाली.

दिवेलागणीला वारा सुटला. कौलं खडखडत होती, पोरं रडत होती, गुरुजी नाकाला पंचा लावून त्यांना पाढे म्हणायला लावत होते. भरतीचं पाणी खालच्या आळीत शिरलं. पाच-सहा झोपड्या बसल्या, मावशींच्या पडवीचं छप्पर उडालं. मला भीती वाटत होती ती लपली नसावी, कारण मावशी जवळ सरकून म्हणाल्या, "बसा निवांत. सगली हायेत इथं. मी मोजली."

सकाळी तहसीलदार जीपने आले. शाळेच्या दारात पाऊल ठेवताच थबकले. "हा वास कसला?" मी खरं ते सांगितलं. बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्यांनी आत डोकावलं, छतापर्यंत रचलेले बोंबलांचे ढीग पाहिले आणि विचारलं, "माणूस एकही गेलं नाही?"

"नाही, साहेब."

"मग राहू दे वास."

पंचनाम्याला मावशी माझ्याबरोबर घरोघर हिंडल्या. कोणाचं काय गेलं ते मी विचारायच्या आतच सांगायच्या, आणि कोणी वाढवून सांगितलं तर तिथल्या तिथे झापायच्या. शाळेचा वास मात्र महिनाभर गेला नाही. गुरुजी वडाखाली वर्ग घेत होते, पण माझ्याशी त्याबद्दल एक शब्दही वाकडा बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच पत्र आलं. मी घाईघाईने शाळेकडे निघालो, तर बाकं आधीच बाहेर काढलेली आणि मावशी दारात उभ्या राहून कोणी कुठल्या खोलीत जायचं ते सांगत होत्या. त्या वर्षी वादळ आलंच नाही. लोक दुपारी हसत घरी गेले, आणि मला कोणी बोल लावला नाही.