उपरण्याखालचा हात

माणसाचं तोंड बघून पारख करणारे पुष्कळ आहेत, कुंडली बघून करणारे तर गल्लोगल्ली आहेत; पण नुसता हात हातात घेऊन समोरच्याच्या पोटातलं ओळखणारा, आणि ज्योतिषी नसलेला, असा इसम या भूतलावर एकच आहे आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. सोयरीक ठरवायला आम्ही मंचरला गेलो, तेव्हा चहा यायच्या आत या व्याह्यांनी माझा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मला वाटलं, देण्याघेण्याचं काहीतरी खुणावतायत. मला दरदरून घाम फुटला. मग हात सोडून ते घरच्यांकडे वळले आणि म्हणाले, "पोरगी द्यायचं ह्यांच्या लई जिवावर आलंय. मंजी पोरगी चांगलीच असनार." लग्न तिथंच ठरलं.

व्याही जागांचे एजंट. मंचर, घोडेगाव, ओतूर या टापूत भाड्याची खोली असो, बांधलेलं घर असो की रस्त्याकडेचा प्लॉट, व्याह्यांच्या हातून गेल्याशिवाय सौदा मार्गी लागायचा नाही. त्यांचे वडील बैलबाजारातले हेडी, म्हणजे गुरांचे दलाल, होते. बैलांच्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर कापड टाकून एकमेकांची बोटं दाबून तो सांगतात. बैलाला जे चालतं ते बंगल्याला का चालू नये, असा व्याह्यांचा रोकडा सवाल. एकदा पुण्याहून प्लॉट बघायला आलेल्या एका साहेबांचा हात त्यांनी असाच उपरण्याखाली घेतला, तर साहेबांनी घाबरून बायकोला हाक मारली. बरं, नुसता भाव ठरवून थांबतील तर ते व्याही कसले! विकणाऱ्याचा हात जरा वेगळा लागला की जमलेला सौदा स्वतःच मोडायचे. "तोंड हो म्हनतंय, पन हात न्हाई म्हनतोय राव," एवढंच त्याचं कारण. आमच्या विहीणबाई सांगतात, "ह्यांनी जोडल्यापरीस मोडलेलंच जास्त भरंल."

मग टाळेबंदी आली आणि सरकारनं नेमकी हात धरण्यावरच बंदी घातली. दस्तनोंदणी थांबली. गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. कॉलेजची पोरं खोल्या सोडून घरी गेली आणि घरमालक परक्या माणसाला दारातसुद्धा उभं करीनात. पुढे नियम सैल झाले, तरी घर दाखवायचं ते मोबाइलच्या व्हिडिओवर. व्याह्यांनी पहिल्याच गिऱ्हाइकाला घराऐवजी बराच वेळ स्वतःचं कपाळ दाखवलं. "भिंतीला भेगा आहेत का हो?" असं त्यानं विचारल्यावर घोटाळा लक्षात आला. रबरी हातमोजे घालूनही त्यांनी प्रयत्न करून पाहिला. "मोज्यातून समदी मानसं सारखीच लागत्यात," म्हणून ते काढून टाकले.

त्याच दिवसांत ओतूरच्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरांचं, म्हणजे अण्णांचं, घर विकायला निघालं. सगळी हयात दवाखान्यात पुड्या बांधण्यात गेलेली, बायको वारलेली, घरात एकटे. अशा साथीत बाप एकटा कसा राहील, या काळजीनं पुण्यातला मुलगा म्हणत होता की घर विका आणि माझ्याकडे या. गिऱ्हाईकही चांगलं होतं. घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करणारं, शहराला विटलेलं एक जोडपं. सगळं फोनवर ठरलं, पण व्याह्यांना चैन पडेना. मला म्हणाले, "पावणं, फोनवर अण्णा हो म्हनाले खरं. पन फोनला हात कुटं असतोय?"

जुन्नरच्या दस्तनोंदणी कार्यालयात मी साक्षीदार म्हणून गेलो होतो. अंगणात चुन्याची वर्तुळं आखलेली, प्रत्येक वर्तुळात तोंड झाकलेला एकेक माणूस. कंपाउंडरांचं नाव पुकारलं गेलं आणि व्याही आपलं वर्तुळ सोडून सरळ त्यांच्याकडे गेले. उपरणं टाकलं, हात धरला, डोळे मिटले. "ओ काका, अंतर ठेवा," पोलीस ओरडला. व्याही जागचे हलले नाहीत. मास्कच्या वर कंपाउंडरांचे डोळे भरून आले.

"अण्णा, तुमाला विकायचं न्हाई," व्याही हळूच म्हणाले.

"तिकडं मला वळखतंय कोन?" कंपाउंडर म्हणाले. "इथं आजून कुनाला ताप आला, तर आदी माज्या दारात येत्यात."

पुण्याहून आलेला मुलगा कळवळून म्हणाला, "अण्णा, मग मला बोलला का नाहीत?"

"तू काळजीनं बोलवत व्हतास. तुला न्हाई कसं म्हनू?"

विक्री तिथंच मोडली. त्या जोडप्याला पुढच्या खोल्या भाड्यानं दिल्या, मागची खोली आणि परस कंपाउंडरांकडे राहिला. त्या जोडप्यामुळे बाप एकटा राहणार नव्हता, म्हणून मुलाचाही जीव भांड्यात पडला. व्याह्यांची दलाली गेली, वर पोलिसानं दंड केला तो निराळाच.

पुढच्याच आठवड्यात व्याही तापानं आडवे झाले. त्या हातातून आला की आणखी कुठून, कोण सांगणार? कंपाउंडरांना साधी शिंकही आली नव्हती. व्याही दवाखान्यातून सुखरूप परतले, पण त्यांच्या बोटांतली जाणीव गेली ती गेलीच. हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. अजून आलेली नाही. हे विहीणबाईंना ठाऊक आहे, आणि एकदा वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला व्याह्यांनी निवांत मुठीत धरलेला पाहिला, तेव्हापासून मला. मला तेव्हा फार वाईट वाटलं. इतरांना त्यांनी कळू दिलेलं नाही.

आता लोक फोटोवरून घरं घेतात, फोनवरून भाडं ठरवतात. तरी जुनी माणसं अजून व्याह्यांकडे येऊन हात पुढे करतात आणि तेही पूर्वीसारखं उपरणं टाकून बसतात. मी एकदा विचारलं, "व्याही, आता त्यातून काय कळतं?"

"काय बी न्हाई," ते म्हणाले. "पन हात धरून गप ऱ्हायलं, का मानूस आपनहून बोलाया लागतोय. आदी मीच लई बोलायचो."

गेल्या दिवाळीत निघताना त्यांनी माझा हात धरला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "पावणं, तुमचा हात गरम हाय का गार?"

पहाटेच्या थंडीत माझी बोटं काकडून गेली होती. "गरम आहे," मी म्हणालो.

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि हात तसाच धरून राहिले.